सृष्टीची उत्पत्ती : ख्रिस्ती श्रद्धा आणि विज्ञान
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



आपल्या संस्थेने सुवर्णमहोत्सवानिमित्त जी व्याख्यानमाला योजिली आहे, तीत एक पुष्प गुंफण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी विषय कळविला, तेव्हा ते जरा बुचकळ्यात पडले. “गुरुजी, आपण ख्रिस्ती नाही, धर्मोपदेशक नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकविलेत. मग हा विषय का?” असे त्यांनी विचारले. त्यांना मी फोनवर एवढेच म्हणालो की, माझ्या डोक्यावर एक जुने ऋण आहे, ते फेडावयाचे आहे. ते ऋण कोणते, हे प्रथम सांगतो.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नववीच्या वर्गात पृथ्वीचे वय शिकवीत होतो. खडकांचे थर, त्यांत सापडणारे जीवांचे अवशेष, कोट्यवधी वर्षांचा काळ, असे सगळे फळ्यावर मांडून झाले. तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. मुलगा ख्रिस्ती घरातला, अबोल, अभ्यासात बरा. तो म्हणाला, “सर, पेपरात तुम्ही शिकवलंत तेच लिहीन. पण आजी रोज रात्री बायबल वाचून दाखवते. देवानं सहा दिवसांत जग केलं, असं त्यात आहे. तिला काय सांगू?”

मी म्हणालो, “आजीला काही सांगू नकोस. ज्याला मार्क पडतील ते लिही म्हणजे झाले.”

वर्ग हसला, मीही हसलो. मुलगा खाली बसला आणि त्यानंतर वर्षभर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. त्या वेळी मला काही वाटले नाही. पुढे वय वाढत गेले तसतसे ते आपले उत्तर मला टोचू लागले. मुलाने मनापासून प्रश्न विचारला होता आणि मी त्याच्या हातावर मार्क ठेवले होते. त्याची आजी अडाणी ठरवून मी मोकळा झालो होतो. तो मुलगा आता कोठे आहे, मला ठाऊक नाही. पण त्याला जे उत्तर द्यावयास हवे होते, ते शोधण्यात निवृत्तीनंतरची माझी काही वर्षे गेली. आजचे भाषण म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर होय.

ख्रिस्ती धर्माविषयी मी बाहेरच्या माणसाच्या अधिकारानेच बोलणार आहे, म्हणजे अधिकार फारसा नाही. तथापि हा धर्म मराठी भाषेला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. जग कसे उत्पन्न झाले, ही बायबलातील कथा मराठी ओवीत त्याने चारशे वर्षांपूर्वी सांगून ठेविली आहे. बाबा पदमनजींचा जन्म १८३१ साली आपल्या याच बेळगावात झाला. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबल सोप्या मराठीत आणण्यात वेचली. तेव्हा त्या मुलाची आजी जे वाचून दाखवीत होती, ते आपल्याच भाषेतले होते.

आता त्या ग्रंथात काय आहे ते पाहू. बायबलाच्या पहिल्या पुस्तकाचे मराठी नाव ‘उत्पत्ती’. त्याच्या पहिल्या अध्यायात सहा दिवसांत सृष्टी होते आणि सातवा दिवस विश्रांतीचा असतो. दुसऱ्या अध्यायात मात्र कथा निराळ्या क्रमाने येते. तेथे माणूस आधी घडतो आणि झाडे, पशुपक्षी मागाहून. पहिल्या अध्यायातही एक चमत्कारिक गोष्ट आहे. प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी! मग पहिले तीन दिवस कशाने मोजले?

ही शंका काढणारा मी पहिला नव्हे. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील हिप्पो गावचा बिशप ऑगस्टिन याने ‘उत्पत्ती’वर मोठा ग्रंथ लिहिला. हे दिवस आपल्या सूर्योदय-सूर्यास्ताचे दिवस नव्हेत, असे त्याचे मत होते. त्याने आपल्या धर्मबांधवांना एक कडक इशाराही दिला आहे. आकाश, पृथ्वी, तारे यांविषयी अभ्यासू माणसाला जे अनुभवाने ठाऊक असते, त्याविरुद्ध ख्रिस्ती माणसाने बायबलाच्या आधाराने काहीतरी बरळावे आणि बाहेरच्या माणसाने हसावे, हे लाजिरवाणे आहे. कारण मग तो माणूस त्याच ग्रंथातील महत्त्वाच्या गोष्टींवर तरी का विश्वास ठेवील? डार्विनच्या आधी चौदाशे वर्षे हे लिहिले गेले आहे. म्हणजे विज्ञानाचा मार बसल्यावर ख्रिस्ती पंडितांनी अर्थ बदलला, हा आरोप सरसकट खरा नाही.

‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय वाचताना तो कोणाच्या शेजारी बसून लिहिला गेला, हेही ध्यानात घ्यावे लागते. भोवतालची मोठमोठी राष्ट्रे सूर्याला आणि चंद्राला देव मानीत होती. या अध्यायात त्यांची नावेसुद्धा घेतलेली नाहीत. एक मोठा दिवा, एक लहान दिवा, एवढीच त्यांची संभावना केली आहे. सृष्टी एकाच ईश्वराची आहे, ती चांगली आहे, माणूस तिच्यात जबाबदार आहे, हे त्या अध्यायाचे सांगणे. ते सांगण्यासाठी लेखकाने आठवड्याची चौकट वापरली. पंचांग तयार करण्याचा त्याचा उद्योग नव्हता.

तो उद्योग नंतरच्यांनी केला. आयर्लंडमधील आर्चबिशप अशर याने १६५० साली बायबलातील वंशावळींवरून हिशेब मांडून जगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षी झाला, असे काढले. अशर मूर्ख नव्हता. त्या काळच्या पद्धतीने त्याने परिश्रमपूर्वक काम केले होते. पण पुढे हे आकडे इंग्रजी बायबलांच्या समासात छापले जाऊ लागले, आणि समासातला आकडा वाचता वाचता लोकांना तो मूळ वचनासारखाच पवित्र वाटू लागला. त्यानंतर खडकांनी साक्ष दिली. गंमत अशी की, ती साक्ष नोंदविणाऱ्यांत बकलंड आणि सेजविक यांच्यासारखे इंग्लंडचे धर्मोपदेशकच आघाडीवर होते. पृथ्वी अतिशय जुनी आहे, हे त्यांनी डार्विनच्या आधीच मान्य केले होते. पुढे १९५६ साली क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशनींतील शिशाच्या मोजमापावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे.

येथवरचे भांडण मिटण्यासारखे आहे. दिवसाचा अर्थ चोवीस तास असा घेतला नाही की तंटा सुटतो. पण एवढ्यावर माझे समाधान झाले नाही. दोहोंची गाठ ज्याने आपल्या एकट्याच्या आयुष्यात घातली, असा माणूस मी शोधीत होतो. तो मला बेल्जियममध्ये सापडला.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ चा. शिकत होते अभियांत्रिकी, तोच १९१४ चे महायुद्ध आले आणि ते तोफखान्यात गेले. युद्धानंतर त्यांनी गणित आणि पदार्थविज्ञान घेतले, आणि त्याचबरोबर धर्मगुरूची दीक्षाही. १९२३ साली ते रोमन कॅथलिक पंथाचे धर्मगुरू झाले आणि त्याच वर्षी केंब्रिजला एडिंग्टन यांच्या हाताखाली अभ्यासाला गेले. पुढे ते अमेरिकेत शिकले आणि लूव्हेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परत आले.

१९२७ साली त्यांनी फ्रेंच भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. आइनस्टाइन यांच्या समीकरणांतून त्यांनी असे दाखविले की, विश्व स्थिर नसून प्रसरण पावत आहे. फुगत चाललेल्या कणकेत बेदाणे असावेत आणि कणकेबरोबर ते एकमेकांपासून दूर जावेत, तशा दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत. त्याच वर्षी ब्रुसेल्स येथे त्यांची आइनस्टाइन यांच्याशी गाठ पडली. आइनस्टाइन म्हणाले, तुमचे गणित बरोबर आहे, पण पदार्थविज्ञान मात्र भयंकर आहे! पुढे १९२९ साली हबल यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि आइनस्टाइन यांनाही प्रसरणशील विश्व मान्य करावे लागले.

लमेत्र येथेच थांबले नाहीत. विश्व फुगत आहे, तर काळ उलटा मोजीत गेल्यास ते लहान लहान होत जाईल. म्हणजे सर्व द्रव्य कधीकाळी एकत्र असले पाहिजे. याला त्यांनी आद्य अणू म्हटले. ९ मे १९३१ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात विश्वाच्या आरंभाविषयी त्यांचे एक छोटेसे पत्र आले. आपण ज्याला आज महास्फोटाचा सिद्धांत म्हणतो, त्याचे बीज त्या पत्रात आहे.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे, ती या भाषणाचे सार आहे. त्या पत्राचा टंकलिखित मसुदा उपलब्ध आहे. त्याच्या शेवटी आणखी एक परिच्छेद होता. त्यात लमेत्र यांनी लिहिले होते की, ईश्वर स्वभावतःच गुप्त आहे असे मानणाऱ्याला, आजचे पदार्थविज्ञानही सृष्टीच्या निर्मितीवर एक पडदाच टाकते हे पाहून समाधान वाटेल. छापावयास देण्यापूर्वी त्यांनी हा परिच्छेद स्वतःच्या हाताने खोडून टाकला.

हे त्यांनी का केले असावे? त्यांची श्रद्धा डळमळली म्हणून खचित नव्हे. मरेपर्यंत ते धर्मगुरूच राहिले. मी असे समजतो की, हे वाक्य खरे असले तरी या ठिकाणचे नव्हे, असे त्यांना वाटले. ‘नेचर’मध्ये जे लिहावयाचे ते ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, नास्तिक अशा कोणालाही पडताळून पाहता आले पाहिजे. ती श्रद्धेची जागा नव्हे. तारुण्यात, १९२१ च्या सुमारास, त्यांनी स्वतः ‘उत्पत्ती’च्या आरंभीच्या वचनांना पदार्थविज्ञानाशी जुळविण्याचा प्रयत्न केला होता. तो मार्ग त्यांनी सोडून दिला. खोडलेल्या परिच्छेदामागे असा स्वतःचा अनुभव होता.

त्यांची खरी कसोटी वीस वर्षांनी लागली, आणि तीही स्वतःच्या धर्मपीठासमोर. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. प्रकाश होवो, ही जी आदिम आज्ञा, तिची साक्ष आधुनिक विज्ञान जणू देत आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. जगातील वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. लमेत्र यांना आनंद व्हावयास हवा होता, नाही का? आपला सिद्धांत साक्षात पोपमहाशयांनी ईश्वराच्या बाजूने उभा केला! पण ते अस्वस्थ झाले. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरच्या ज्योतिर्विदांची परिषद भरणार होती आणि पोप तिच्यापुढे बोलणार होते. त्याआधी लमेत्र रोमला जाऊन व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांना भेटले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप ज्योतिर्विदांपुढे बोलले, तेव्हा त्या भाषणात तसला दावा नव्हता.

लमेत्र यांची भूमिका १९५८ सालच्या सॉल्व्हे परिषदेत त्यांनी स्पष्ट मांडली. हा सिद्धांत धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रश्नाबाहेरचा आहे. जडवादी माणूस हा सिद्धांत मानूनही ईश्वर नाकारण्यास मोकळा आहे, आणि श्रद्धावंतालाही त्यात ईश्वराशी सलगी करण्याचे निमित्त मिळत नाही. असे ते म्हणाले. पुढे १९६० साली त्याच विज्ञान अकादमीचे ते अध्यक्ष झाले.

आता दुसऱ्या बाजूची हकीगत ऐका, कारण चूक एकाच बाजूने होते असे नाही. केंब्रिजचे फ्रेड हॉइल हे नास्तिक होते. विश्वाला आरंभ आहे, ही कल्पनाच त्यांना रुचत नसे. तिला बायबलाचा वास येतो असे त्यांना वाटे. त्यांनी बाँडी व गोल्ड यांच्यासह १९४८ साली स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. विश्व अनादी आहे आणि प्रसरणामुळे पडणारी पोकळी नवे द्रव्य भरून काढते, असा तो सिद्धांत. ‘बिग बँग’ हे नावसुद्धा हॉइल यांनीच १९४९ साली बी.बी.सी.वरील भाषणात वापरले. याच हॉइल यांचे शिष्य आणि सहकारी म्हणजे आपले जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्मलेल्या, मराठीतून विज्ञानकथा लिहिणाऱ्या या थोर शास्त्रज्ञाने २०२५ साली आपला निरोप घेतला. महास्फोटाच्या सिद्धांतावरचे आपले आक्षेप ते अखेरपर्यंत शास्त्रीय भाषेत मांडीत राहिले. बहुमताविरुद्ध उभे राहण्याला जे धैर्य लागते, ते त्यांच्यापाशी होते.

हा वाद मिटविला कोणी? बायबलाने नाही आणि नास्तिकांनीही नाही. अमेरिकेत न्यू जर्सी येथे १९६४ साली पेंझियास आणि विल्सन या दोघांना आपल्या मोठ्या अँटेनात एक बारीक खरखर सतत ऐकू येऊ लागली. अँटेनात कबुतरांनी घरटे केले होते. ती विष्ठासुद्धा त्यांनी साफ करून पाहिली. खरखर जाईना. ती आकाशाच्या सर्व दिशांनी सारखीच येत होती. विश्व एके काळी अतिशय तप्त होते, त्याची ती मागे राहिलेली ऊब होती. आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. लमेत्र जून १९६६ मध्ये वारले. त्याआधी आजारपणात त्यांना हे वर्तमान कळले. त्या आद्य स्फोटाची खूण विश्वकिरणांत सापडेल, ही त्यांची स्वतःची अटकळ मात्र चुकली होती. धर्मगुरू म्हणून निसर्गाने त्यांना सवलत दिली नाही, आणि ते मागायलाही गेले नव्हते. २०१८ साली आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विद संघाने हबल नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस केली.

आपण म्हणाल, विज्ञानाने ईश्वर सिद्ध होत नाही आणि असिद्धही होत नाही, तर मग निर्मिती या शब्दाला अर्थ काय उरला? याचे उत्तर तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती आचार्याने देऊन ठेविले आहे. त्याच्या मते जगाला आरंभ आहे, हे तर्काने सिद्ध करता येत नाही. ते श्रद्धेने मानावयाचे. आणि जग अनादी असते, तरीही ते ईश्वरावरच अवलंबून राहिले असते. मी माझ्या परीने दृष्टांत देतो. गवंडी घर बांधून निघून गेला तरी घर उभे राहते. पण गवई थांबला की गाणे थांबते. ख्रिस्ती विचारात निर्मिती ही गवंड्याच्या कामासारखी नसून गायनासारखी आहे. पहिला सूर केव्हा लागला, हा प्रश्न विज्ञानाचा. गाणे मुळात का आहे, हा प्रश्न श्रद्धेचा.

आपल्या वसतिगृहाचीच इमारत घ्या. तिचा दगड कोणता, चुना किती, पाया किती खोल, हे अभियंता अचूक सांगेल. पण हे वसतिगृह कशासाठी बांधले, हे दगड फोडून कळत नाही. त्यासाठी खेड्यापाड्यांतील मुलांची राहण्याची आबाळ पाहून ज्यांनी पदरमोड केली, त्या संस्थापकांचे मन ओळखावे लागते. दोन्ही उत्तरे खरी, आणि एकाने दुसरे खोटे पडत नाही.

पण मी येथेच समारोप केला, तर आपली फसवणूक केल्यासारखे होईल. कारण हे दृष्टांत आकाशापुरते ठीक आहेत. जीवसृष्टीकडे वळलो की प्रश्न कठीण होतो.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला. त्याला अमेरिकेत खंबीर पाठिंबा देणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा निष्ठावंत ख्रिस्ती होता. उत्क्रांती ही ईश्वराची कार्यपद्धती असू शकते, असे तो म्हणे. त्याला २२ मे १८६० रोजी लिहिलेल्या पत्रात डार्विनने आपल्या मनातील शल्य सांगितले. गांधीलमाशीच्या कुळातील एक माशी जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते आणि तिच्या अळ्या त्याला आतून खात वाढतात. दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने हे मुद्दाम योजिले, असे मानणे मला जमत नाही, असे डार्विनने लिहिले. आपल्या घरांतूनही कुंभारीण माशी मातीचे घर बांधून त्यात बधिर केलेल्या अळ्या कोंडते, ते आपण पाहतोच. आणि डार्विनला हे केवळ पुस्तकी दुःख नव्हते. त्याची लाडकी मुलगी ॲनी १८५१ साली दहा वर्षांची असताना वारली होती.

जुन्या समजुतीप्रमाणे माणसाच्या पापाने मृत्यू जगात आला. विज्ञान सांगते की, माणूस येण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे जीव जन्मत होते, झगडत होते, मरत होते. येथे दिवसाचा अर्थ बदलून भागत नाही. ख्रिस्ती विचारवंत यावर आजही झटत आहेत. पोप बारावे पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीचा विचार करण्यास मोकळीक दिली, पण आदामाविषयी सावधगिरी ठेविली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांतीचा सिद्धांत केवळ अटकळीपेक्षा अधिक काही आहे, असे मान्य केले. पण दुःखाचा प्रश्न कोणाही पोपच्या पत्रकाने सुटण्यासारखा नाही. बायबलातील ईयोब आपल्या दुःखाचे कारण विचारतो, तेव्हा त्याला कारण सांगितले जात नाही. सगळी सृष्टी वेणा देत असल्याप्रमाणे कण्हत आहे, असे पौल लिहितो. ख्रिस्ती माणसाचे अखेरचे उत्तर युक्तिवादाचे नाहीच. क्रुसावर दुःख भोगणाऱ्याकडे तो बोट दाखवितो. हे उत्तर ज्याला पटेल त्याला पटेल. पण कुंभारीण माशीला धडधडीत पाहून, डोळे न मिटता, जो ख्रिस्ती राहतो, त्याची श्रद्धा मला खोडलेल्या परिच्छेदाइतकीच प्रामाणिक वाटते.

सगळ्याच ख्रिस्ती लोकांना हा समेट मान्य आहे, असेही नाही. अमेरिकेत आर्कान्सा राज्याने १९८१ साली कायदा केला की, शाळेत उत्क्रांती शिकविली तर बायबलानुसारची उत्पत्तीही विज्ञान म्हणून तितकीच शिकवावी. त्याविरुद्ध फिर्याद गुदरली कोणी? फिर्यादींत पहिले नाव एका मेथडिस्ट पाळकाचे होते, आणि निरनिराळ्या पंथांचे बिशप त्यांच्याबरोबर होते. ५ जानेवारी १९८२ रोजी न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपल्या श्रद्धेला विज्ञानाचा खोटा पोशाख चढविला जाऊ नये, म्हणून धर्मोपदेशकच न्यायालयात गेले, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

तेव्हा समेट होऊ शकतो का? माझे उत्तर आहे, होतो. पण फुकट होत नाही. श्रद्धावंताला धर्मग्रंथातून पंचांग काढण्याचा हट्ट सोडावा लागतो, आणि विज्ञानाचा नवा शोध लागला की तो आपल्या देवाच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करण्याचा मोहही सोडावा लागतो. हा दुसरा मोह अधिक घातक. कारण साक्षीदार उद्या फिरला तर खटला बुडतो. वैज्ञानिकाला, आमच्या मोजपट्टीत जे मावत नाही ते नाहीच, असे म्हणण्याची घमेंड सोडावी लागते. आणि दोघांनाही काही प्रश्न उघडे ठेवून जगावयास शिकावे लागते.

हे मी केवळ ख्रिस्ती बांधवांना सांगत नाही. आपल्या घरांतही मत्स्य, कूर्म, वराह असे दशावतार बोटांवर मोजून, डार्विन आमच्याकडे आधीच होता, असे सांगणारे काका-मामा असतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्याने दशावतारांची थोरवी वाढत नाही आणि मुलाला उत्क्रांतीही कळत नाही. ज्यांच्या वेदांत नासदीय सूक्तासारखी उत्पत्तीविषयीची निर्भय शंका आहे, त्यांना तरी अशा दाखल्याची गरज पडू नये.

आता पुन्हा त्या मुलाकडे वळतो. आज तो माझ्यापुढे उभा असता, तर मी म्हणालो असतो, “बाळ, प्रश्न उत्तम आहे. पेपरात ४५५ कोटी वर्षे लिही. मार्कांसाठी नव्हे, ते खरे आहे म्हणून लिही. आजी वाचते ते रोज ऐक. तिला विचार, हे सगळे चांगले आहे असे देव पुन्हा पुन्हा का म्हणतो? त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, कदाचित तिच्यापाशी असेल. दोन्ही ऐक, आणि एकाची वही दुसऱ्याच्या दप्तरात घालू नकोस. काही अडले, तर पुन्हा माझ्याकडे ये.”

यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते, आणि तेच मी त्या दिवशी बोललो नाही. विज्ञान चुकीचे शिकविल्याने मुलाची जेवढी हानी होते, तेवढीच त्याचा खरा प्रश्न हसण्यावारी नेल्याने होते. आपल्या संस्थेच्या वसतिगृहात आज अनेक घरांतील, अनेक श्रद्धांची मुले एका पंगतीला जेवतात, एका दिव्याखाली अभ्यास करतात. रात्री त्यांतला कोणी असा प्रश्न घेऊन आला, तर अधीक्षकांनी, शिक्षकांनी, आईवडिलांनी त्याला बसवून घ्यावे, एवढीच या महोत्सवाच्या निमित्ताने माझी हात जोडून विनंती आहे.